ओट्याला लागलेली जीप

ये गं सुमन, अशी जवळ सरक. कागदावरच बोलावतेय, काय करू? अक्का गेल्याचा फोन मीच केला होता, तर तू पुण्याहून म्हणालीस, "आई, आत्याचं वय झालंच होतं की." असं बोलतात का बाई? वय तर माझंही झालंय. महिना होत आला, भेटायला येणाऱ्यांची वर्दळ थांबली, घर गप्प झालं, अन् मला वाटलं, तुला अक्का ठाऊकच नाही. तू बघितलीस ती बाजेवर बसलेली म्हातारी आत्या. चार माणसांनी वाचावं म्हणून पेपरच्या पुरवणीकडं पाठवतेय, पण सांगतेय तुलाच.

मी लग्न होऊन उदगीरला आले तेव्हा तुझ्या बाबांच्या या थोरल्या बहिणीचा डावा पाय आखडलेलाच होता. तरुणपणी विहिरीच्या पायऱ्यांवरून पडली, खुबा जुळला तो वाकडा. सपाटीवर काठी टेकत तुरुतुरु चालायची, उतरायचीही कशीबशी, पण पाय वर उचलायचा म्हटलं की संपलं. एक पायरी म्हणजे तिला डोंगर, अन् बसची पायरी तर विचारूच नकोस. मॅट्रिक झालेली, अक्षर छापल्यासारखं, अन् जग तेवढं घराच्या ओट्यापर्यंत. ओट्याच्या कडेला येऊन उभी राहायची, रस्ता बघायची, वळून आत जायची. उचलून न्यायला माणसं कमी होती का? पण ती म्हणायची, "मी काय तुरीचं पोतं हाय?"

त्या साली पाऊस नव्हता. हातपंप नुसते कुरकुरायचे. अन् त्याच दिवसांत लातूर वेगळा जिल्हा झाला. नव्या कचेऱ्या, नवी टेबलं, लिहिणारी माणसं पाहिजे होती. अक्कानं कुणाला न सांगता अर्ज टाकला अन् मुलाखतीचं बोलावणं आलं की! नोकरी लागली तर राहायला लातुरात मावसबहिणीकडं बिनपायरीची खोलीसुद्धा तिनं ठरवून टाकली होती. तुझे बाबा तेव्हा उदगीर-लातूर जीप चालवायचे, सगळं घर त्या जीपवर. ते म्हणाले, "जाशील कशी?"

"तुझी जीप हाय की."

"अन् चढशील कशी?"

अक्कानं काठीनं ओट्याची कड ठोकली. म्हणाली, "मी वर येत न्हाई. तुझी जीप खाली आण."

आणली खाली! चाकावरच्या कमानीतले, म्हणजे धक्का झेलणाऱ्या स्प्रिंगचे, काही पाटे काढले, उरलेले ठोकून सरळ केले, अन् जीपच्या तळाचा पत्रा ओट्याच्या बरोबरीला आला. मिस्त्री नको नको म्हणत होता. "भाऊ, उंची घटली की चाल बदलती. स्टेअरिंगची दांडी आडवी पाहिजे, आता ती तिरपी झाली. चाक खड्ड्यात वरखाली झालं की ही दांडी त्याला बाजूला ओढणार." मला काही उमजेना. अक्का मात्र हसली. म्हणाली, "शांते, लुगड्याची घडी घालताना बघ. दोघी उभ्या असलो की लुगडं ताठ. मी बाजेवर बसले की तुला माझ्याकडं झुकावं लागतं का न्हाई? लुगडं थोडंच लांब होतंय? तसंच चाकाचं." मिस्त्री म्हणाला, "अक्काला समजलं, मालकाला न्हाई." तुझे बाबा म्हणाले, "एका दिवसाचं काम आहे, धरतो मी घट्ट."

निघायच्या सकाळी जीप मागं घेऊन ओट्याला लावली अन् अक्का काठी टेकत, या खोलीतून त्या खोलीत जावं तशी, आत गेली. कुणाचा हात नाही, काही नाही. कपाळाला विभूती, अंगावर ठेवणीतलं हिरवं इरकली लुगडं. गल्लीतल्या बायका बघत होत्या अन् ही माझ्या कानात म्हणते, "बघू दे, फुकट हाय."

आता त्या दुष्काळात पाहुण्यानं आपलं पाणी आपण न्यायचं, अशी रीतच पडली होती. मावसबहिणीकडं तोंड धुवायलाही पाणी मागायचं नाही म्हणून आम्ही मागं दोन पिंपं भरून ठेवली. ओट्याशी उंची जुळवली ती रिकाम्या जीपची. पिंपांच्या वजनानं ती आणखी खाली बसेल, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

डांबरावर कसंबसं चाललं. खड्डा आला की स्टेअरिंग आपोआप फिरायचं, बाबांचे दंड फुगायचे, धक्का थेट आमच्या कमरेत. पण नव्या जिल्ह्यासाठी रस्ता रुंद करायला घेतलेला, सगळ्या गाड्या शेतातून वळवलेल्या. टँकरच्या चाकांनी तिथं गुडघाभर चाकोऱ्या पाडलेल्या, अन् त्या वाळून दगड झालेल्या. जीप आत उतरली, स्टेअरिंगला हिसका बसला, अन् पोट मधल्या उंचवट्यावर टेकलं. चाकं नुसती फिरायला लागली. आम्ही उतरलो, पिंपं उतरवली, तरी हलेना. अक्का मात्र आतच. तिच्या बाजूला मातीची कड जीपच्या पत्र्याहून वर आलेली, अन् तिचा पाय वर जात नव्हता.

तेवढ्यात मागं टँकर येऊन उभा राहिला. पुढच्या गावच्या बायका घागरी घेऊन बांधावर बसलेल्या दिसत होत्या. टँकरवाला खाली उतरला. "पुढं ढकलली तर पुढं परत अडकंल. साखळी लावून मागं ओढली तर वाट मोकळी हुईल. अक्का, तुमी माझ्या केबिनीत बसा, लातूरला जाणारी गाडी गाठून देतो."

अक्कानं त्या केबिनच्या पायरीकडं बघितलं. तिच्या छातीएवढी होती. "लेकरा, चढता आलं असतं तर ही जीप कशाला खाली आणली असती?"

बाबा म्हणाले, "अक्का, थांब. माती खणून काढू, दुपारपर्यंत निघंल."

"दुपारी कोण बसून राहणार हाय माझ्यासाठी?" ती म्हणाली. मग बांधाकडं बघत, "ओढ रे मागं. पाणी जाऊ दे त्यांचं."

जीप डांबरापर्यंत उलटी ओढत नेली. अक्का समोर तोंड करून बसलेली, अन् लातूरचा रस्ता तिच्यापासून लांब लांब... ती रडली नाही. इरकलीचा पदर तेवढा मुठीत धरून होती.

घरी आल्यावर तिनंच बाबांना बजावलं, "स्टेअरिंग हातात राहत न्हाई, त्यात लोकांची लेकरं बसवशील? वर घे तिला." नवे पाटे बसवले. ती ओट्याच्या कडेला उभी राहून बघत होती. जीप वर उठली, ओटा तिथंच राहिला. तिनं पुन्हा कुठं अर्ज केला नाही, अन् आम्हीही विषय काढला नाही. नंतर तर कडेपर्यंत यायचंही सोडलं तिनं. बाज खिडकीपाशी ओढून घेतली.

ते हिरवं इरकली परवा धुतलं. वाळलंय, पण घडी राहिलीय. इतकी वर्षं एक टोक तिच्याकडं असायचं, ती बसून, मी उभी. आता माझेही गुडघे उभं राहू देत नाहीत, मीच बाजेवर बसते. दुसरं टोक धरायला ये गं लवकर, पोरी. तुला थोडं झुकावं लागेल.