लिग्दस, नावं सांगणारा

रोममध्ये नावांचा मोठा दुष्काळ. चौकात 'मार्कस' म्हणून हाक मारा, निम्मे लोक वळून बघतील. उरलेले गायस नाहीतर क्विंतस. म्हणून मग कुणी टकलामुळे काल्वस होतो, कुणी नाकामुळे नासो, आणि दाट केसांची नातवंडंसुद्धा आजोबांचं 'टकल्या' हे नाव ऐटीत मिरवतात. हा सगळा गुंता लिग्दसला तोंडपाठ. आमचे मालक तितुस रुबेलियस यांच्या मागोमाग चालायचं आणि समोरून येणाऱ्याचं नाव त्यांच्या कानात सांगायचं, हीच त्याची गुलामी. मालक लगेच हात पसरायचे, "अहो पुब्लियस काल्वस! सूनबाई सुखरूप बाळंत झाल्या ना?" मतं अशीच मिळतात.

"या निवडणुकीत जिंकलो की तुला मोकळा करतो," असा मालकांचा शब्द होता. चार निवडणुका जिंकले. मीही त्याच घरातला गुलाम, पाव भाजायचो. मला त्यांनी केव्हाच मोकळं केलं, कारण माझ्यावाचून त्यांचं काही अडत नव्हतं.

"एखादं नाव विसर की रे गाढवा!" मी चिडायचो.

"जमत नाही रे. माणूस दिसला की निघतंच तोंडातून."

पाचव्या विजयानंतर मालकीणबाईंनी फारच टोचलं, तेव्हा मालक त्याला न्यायाधीशांपुढे घेऊन गेले. साक्षीला मी होतो.

"कुणाला मोकळं करताय? नाव सांगा," न्यायाधीश म्हणाले.

मालकांनी तोंड उघडलं ते उघडंच राहिलं. बावीस वर्षं त्यांनी लिग्दसला नुसतं 'ए पोरा' म्हटलं होतं. सवयीने त्यांची मान मागे वळली. मी लिग्दसचा दंड घट्ट धरला. मनात म्हटलं, गप्प बस मेल्या, आज तरी! न्यायाधीश तुलाच विचारतील आणि सुटशील.

तो पुढे झुकला. "लिग्दस, मालक."

न्यायाधीश खो खो हसले. मालकांचा चेहरा मात्र पडला. "याचंच नाव मला ठाऊक नाही," ते म्हणाले, "तर उद्या सकाळी दारात येणाऱ्या दोनशे जणांना मी काय म्हणून हाक मारू? नको. पुढच्या वर्षी बघू."

बाहेर आल्यावर मी त्याला गदागदा हलवलं. "का बोललास? का?"

तो रडत होता. "त्यांची मान वळली रे. मला वाटलं, चारचौघांत बिचाऱ्यांची फजिती होईल."