मरणाची तालीम

नववीत असताना मी रोज संध्याकाळी आमच्या अंगणात मरत असे. बाजेवर पडायचं, छातीवर हात घ्यायचा, आचके द्यायचे आणि मान टाकायची. आई चूल पेटवता पेटवता ओरडायची, ‘‘दिवेलागनीले मरू नोको वो माय, चांगलं नाही लागत!’’ बाबा मात्र तळ्यावरून आणलेलं जाळं वाळत घालायचं सोडून बाजेपाशी उकिडवे बसत. ‘‘आचका जरासा लांबव. मांगच्याले दिसला पायजे.’’

हे मरण मला शाळेनं दिलं होतं. आमचे मराठीचे सर नागपूरला नाटक शिकून आलेले. त्यांनी मुख्याध्यापकांच्या हातापाया पडून आठवड्यातला एक तास नाटकासाठी मिळवला होता. त्या तासाला बाकं भिंतीला लागत आणि आम्ही पोटातून श्वास घ्यायला, ‘पानी’चं ‘पाणी’ करायला आणि पाठ न दाखवता वळायला शिकत असू. मी वर्गात बाकी कशातच हुशार नव्हते. त्या एका तासाला सर माझ्याकडे बोट दाखवून ‘‘बघा, असं,’’ म्हणत. त्यावर माझा पुढचा आठवडा निघायचा.

मुख्याध्यापकांची अट साधी होती. जिल्ह्याच्या स्पर्धेत काहीतरी नंबर आणा, नाहीतर दिवाळीनंतर तो तास गणिताला. सरांनी हे आम्हाला लपवून ठेवलं नाही. ‘‘गोंदिया जिल्हा वेगळा झालाय, स्पर्धेतल्या शाळा कमी झाल्या. तिसरा नंबर तरी कुठे जात नाही,’’ असं ते म्हणत, पण म्हणताना खडूचे तुकडे करत.

नाटक सरांनीच लिहिलं होतं. नदीला पूर, रस्ता बंद, तापानं फणफणलेली पोरगी दवाखान्यात पोचत नाही आणि मरते. पोरगी मी. निम्म्या नाटकात मी मरत होते आणि उरलेल्या निम्म्यात माझी मैत्रीण, म्हणजे नाटकातली आई, माझ्या प्रेतापाशी बसून बोलत होती. ‘‘मेल्यावरच खरा अभिनय सुरू होतो,’’ सर सांगत. ‘‘पापणी हलली की नाटक गेलं. प्रेक्षक आणि आपण यांच्यामध्ये एक भिंत आहे असं समजा.’’

मी घरी येऊन बाबांना भिंतीचं सांगितलं. ते विचारात पडले. ‘‘भिंत? मंग लोकाइले दिसन कसं?’’

बाबांचं नाटकाचं शिक्षण मंडईतलं. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई नावाची जत्रा भरते आणि रात्रभर दंडार, म्हणजे गावातल्याच लोकांचं नाटक, चालते. तिथं एखाद्याचं काम आवडलं की माणूस सरळ स्टेजवर चढतो, नटाच्या छातीला नोट टाचतो आणि माईकवर त्याचं नाव पुकारलं जातं. तेवढा वेळ नाटक थांबतं. नट कोणत्याही हालतीत असो, त्यानं उठून नमस्कार करायचा. राजा आत्ताच मेला असेल तरी उठतो, हात जोडतो आणि परत मरतो. कोणालाही त्यात वावगं वाटत नाही. वावगं वाटतं ते बक्षीस नाकारलं तर. तो देणाऱ्याचा गावासमोर अपमान.

स्पर्धा जवाहरनगरला, दारूगोळ्याच्या फॅक्टरीच्या वसाहतीतल्या सभागृहात होती. तिथले प्रेक्षक इस्त्रीतले, टाळ्यासुद्धा बोटांच्या टोकांनी वाजवणारे. बाबा येणार हे मला ठाऊक नव्हतं. मरायच्या आधी मी सभागृहावर नजर टाकली, तर मागच्या रांगेत खांद्यावर धुतलेला दुपट्टा टाकून ते बसलेले. मी आचका लांबवला.

आणि काय मेले म्हणून सांगू! सभागृहात एक खुर्ची करकरली नाही. मैत्रिणीनं हंबरडा फोडला. पोटातून श्वास घेत मी पडून राहिले, आणि मला लाकडी पायऱ्यांवर चपलांचा आवाज ऐकू आला. ती चप्पल मी झोपेतही ओळखली असती.

‘‘माईक कोठी आहे?’’ बाबांनी विचारलं. माईक काही दिसेना. मग त्यांनी तळ्याच्या या काठावरून त्या काठाला हाक मारायचा आवाज काढला. ‘‘म्या हिचा बाप हावो! भल्ली मेली माही पोरगी! अशी मरनारी म्या मंडईत बी नाही पायली!’’

हसण्याची पहिली लाट आली. बाबांना ती दाद वाटली. ते बाजेपाशी येऊन वाकले. ‘‘ऊठ वो माय. घे.’’

‘‘उठू नोको,’’ मैत्रीण पदराआडून कुजबुजली. ‘‘तुले माही आन आहे, उठू नोको.’’

मी पापणीची फट केली. विंगेत सर उभे होते. त्यांनी मान हलवली, नाही. इकडे बाबा हातात नोट आणि टाचणी घेऊन वाट पाहत होते. तेवढ्यात सभागृहातून कोणीतरी ओरडलं, ‘‘ओ काका, नीचे उतरो! गाव का तमाशा है क्या?’’ आता सगळेच हसले. बाबांनी वळून पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. आपलं कुठंतरी चुकलं हे त्यांना कळायला लागलं होतं आणि हात मागे घ्यावा की नाही हे कळत नव्हतं.

मी उठले.

बसती झाले, नमस्कार केला. बाबांनी नोट फ्रॉकला टाचली, टाचणी थोडी मलाही टोचली. ते समाधानानं पायऱ्या उतरले. नुसतंच आडवं होणं मला बरं दिसेना, म्हणून मी आणखी एक छोटा आचका दिला आणि दुसऱ्यांदा मेले. यापुढं मैत्रिणीचं वाक्य होतं, ‘‘बाळा, एकदा, फक्त एकदा डोळे उघड गं!’’

तिनं ते प्रामाणिकपणे म्हटलं. सभागृह खुर्च्यांवरून कोसळलं. परीक्षकांपैकी एकानं चष्मा काढून डोळे पुसले. छातीवर नोट फडफडत असताना मी उरलेलं नाटक मेलेली राहिले, आणि खरंच मरता आलं तर बरं, असं तेव्हाच काय ते मनापासून वाटलं.

नंबर आला नाही. परतीच्या गाडीत ‘‘ए जिंदा लाश, सरक तिकडे,’’ एवढंच कोणीतरी बोललं. दिवाळीनंतर नाटकाच्या तासाला गणिताच्या बाई आल्या, बाकं पुन्हा रांगेत लागली. वर्गानं एकदा माझ्याकडे पाहिलं. सर मराठी शिकवत राहिले. ते मला एका शब्दानं बोलले नाहीत. बोलले असते तर सोपं गेलं असतं.

बाबांना यातलं काही माहीत नव्हतं. ते गावभर सांगत फिरत होते, की फॅक्टरीवाले साहेब लोक हसून हसून लोळले.

पुढं एकदा अड्याळच्या बाजारात मी बाबांशेजारी मासळी आणि शिंगाड्यांपाशी बसले होते. समोरून पिशवी घेऊन सर आले. मी टोपलीत पाहायला लागले, पण बाबांनी हाक मारलीच. ‘‘ओ सर! या न!’’ त्यांनी पिशवीत ओंजळी ओंजळीनं शिंगाडे भरले आणि विनवणीच्या सुरात म्हणाले, ‘‘सर, पुढच्या साली बी हिलेच मारजा बरं. दुसऱ्या कोनाले नोका मारू.’’

सरांनी जड झालेली पिशवी या हातातून त्या हातात घेतली. ‘‘हिलाच मारू,’’ ते म्हणाले.

‘‘मंग तारीख सांगजा. अख्खा मोहल्ला घिऊन येतो.’’

‘‘सांगतो की.’’

ते गर्दीत दिसेनासे झाले. मी मासळीवर पाणी शिंपडत बसले होते, वर न बघता. बाबांनी माझ्या पाठीत चापट मारली.

‘‘काहून वो, सराले नमस्कार नाही केला? मेल्यावर तं उठून करतं, अन जितेपनी जमत नाही?’’