बायकोचा अंगठा आणि माझा सल्ला

सरकारी कागदावर आमच्या घरातली शेतकरी माझी बायको अलका आहे; मी नुसता तिचा नवरा. पारनेरजवळची आमची पावणेतीन एकर जमीन वडिलांनी सुनेच्या नावावर घेतली, माझ्या नव्हे. (त्यांनी मला लहानपणापासून पाहिलेलं होतं.) त्यामुळे शेतीचा सरकारी हप्ताही तिच्याच खात्यात येतो.

गेल्या वर्षी तो अडकला. केवायसी करा, म्हणजे ओळख पटवा, असा निरोप आला. अलका गावातल्या सेवा केंद्रात जाऊन आली. केंद्र चालवणाऱ्या संतोषनं तिची दहाही बोटं मशीनवर दाबून बघितली, पण एकही ठसा उठेना. वीस वर्षं खुरपणी, शेण आणि भांडी करून हाताच्या रेषाच झिजल्या होत्या. ती पुढं आणखी काही सांगत होती, पण मी तिला बोलू दिलं नाही.

"सोपं हाय," मी म्हणालो. "आठ दिवस पान्यात हात घालायचा न्हाई, खुरपं धरायचं न्हाई, हाताला ग्लिसरीन चोळायचं. रेषा आपोआप वर येत्यात."

हे मी कुठंतरी अर्धवट ऐकलं होतं. सांगताना आवाज मात्र डॉक्टरचा लावला.

 अलकानं हातातली परात शांतपणे माझ्यापुढं सरकवली.

"बरं. मंग आजपासून भाकरी तुमी करा."

पहिल्या दिवशी माझी भाकरी तव्यावर पोचेपर्यंत तिचे तीन तुकडे झाले. अलकानं ते दुधात कुस्करून खाल्ले आणि चव चांगली आहे म्हणाली, त्यामुळे दुसऱ्या दिवशीही मलाच बसावं लागलं. तिसऱ्या दिवशी धार काढायला गेलो, तर गाय मला जवळ उभं करेना. शेवटी अलकाची साडी डोक्यावरून घेऊन बसलो, तेव्हा कुठं तिनं पान्हा सोडला. नेमकी त्याच वेळी शेजारची मंदावहिनी ताक मागायला आली.

पाचव्या दिवशी मंदावहिनीचाही अंगठा उठेना झाला. आठवडा संपेपर्यंत आमच्या आळीतल्या सहा बायकांचे अंगठे गेले. (त्यातल्या दोघींच्या नावावर तर जमीनही नव्हती.) सहाही नवरे माझ्या दारात आले. पुढं मंदावहिनीचा नवरा भानुदास होता, कोपरापर्यंत साबणाच्या फेसानं माखलेला. तो मला एवढंच म्हणाला की, गावात तोंड दाखवायची सोय तू ठेवली नाहीस. केवायसीची मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती. मग अलकाला घेऊन आम्ही सगळे केंद्रात गेलो.

मी संतोषला ग्लिसरीनचा प्रयोग समजावून सांगायला लागलो. त्यानं मला मधेच थांबवलं.

"अंगठा कशाला पायजे? मोबाईलवर चेहरा दाखवूनबी हुतंय की. मी वहिनींना त्याच दिवशी बोललो हुतो, उद्या सकाळी या म्हनून."

सात नवरे एकदम अलकाकडं वळले. तिनं पदर सारखा केला.

"मी सांगतच हुते," ती माझ्याकडं बघून म्हणाली. "पर तुमी इतकं ठाम बोलला, मंग नवऱ्याचा शब्द कसा मोडायचा?"

 संतोषनं मोबाईल तिच्यासमोर धरला आणि डोळ्यांची उघडझाप करायला सांगितली. तिनं केली. अर्ध्या मिनिटात सरकारला तिची ओळख पटली. मला वीस वर्षांत पटली नव्हती.

हप्ता जमा झाला. चूल पुन्हा अलकाकडं गेली. धार मात्र गायीनं माझ्याकडंच ठेवली. तेव्हापासून गावातला एकही पुरुष मला कसला सल्ला विचारत नाही. बायका मात्र आवर्जून विचारतात.