चौदा भाच्यांचा मामा

मामांना सख्खी बहीण एकही नव्हती, पण रोज सकाळी शिरपूरच्या स्टँडबाहेरून ते चौदा-पंधरा भाचे घेऊन धुळ्याला निघायचे. लष्कराच्या लिलावातली जुनी जीप होती त्यांची, हुडाला जागोजाग ठिगळं लावलेली. गाडी खासगी. भाडं घेऊन माणसं बसवायचा परवाना तिला नव्हता आणि तो काढावा असं मामांच्या मनातही कधी आलं नाही. गाडीत पाय ठेवला की तुम्ही त्यांचे भाचे, हा त्यांचा परवाना. निघण्याआधी तंबाखूची पिंक टाकून ते मागे वळायचे आणि पाढे म्हणून घ्यावेत तसं म्हणून घ्यायचे, "कोनी इचारं तर सांगज्यात, आमना मामा शे." शिंपी, कापसाचे दलाल, कोर्टाच्या तारखेला निघालेले पाटील, सगळे शाळेतल्या पोरांसारखे मागून म्हणायचे. मला त्या माणसाची पहिल्याच दिवशी शिसारी बसली.

ही साठ सालानंतरची गोष्ट. मी धुळ्याला मास्तरणीच्या ट्रेनिंगला होते. सोमवारी जायचं, शनिवारी शिरपूरला आईकडे परतायचं. सकाळची एस.टी. वरूनच खचाखच भरून यायची, तेव्हा मामांच्या जीपशिवाय गत्यंतर नव्हतं. कुणाच्या तरी कोपराचा टेकू बरगडीला, मांडीवर कुणाचं तरी गाठोडं आणि नाकात तंबाखूचा, घामाचा, पेट्रोलचा वास. त्यात मामा आरशातून बघून विचारायचे, "बरी शे ना भाची?" मी पदर नाकाशी घट्ट धरायची.

समोरून येणाऱ्या ट्रकवाल्यानं हात बाहेर काढून तळवा खाली दाबला, की पुढे गाड्या तपासणारा साहेब उभा आहे असं समजायचं. मग मामा गाडी बाजूला घेत आणि सगळी भाचरं खाली उतरवत. आम्ही वावरातून, कापसाच्या ओळी तुडवत, नाक्याला वळसा घालून पुढे जायचं. मामा रिकामी गाडी घेऊन साहेबाला नमस्कार घालत सरळ रस्त्यानं यायचे. म्हाताऱ्याकोताऱ्या, पोरं कडेवर घेतलेल्या बाया, सगळ्यांची ही पायपीट. पायात काटे मोडायचे, लुगड्यांचे काठ फाटायचे. कुणी कुरकुर केली तर मामा हसून म्हणायचे, "कायदा रस्तावर राहस, आपन वावरमा." लोकांना याचं भारी कौतुक. ज्यांचं वावर तुडवलं जायचं तेसुद्धा हसायचे, याची मला सगळ्यात जास्त चीड यायची.

वैशाखात, जेव्हा तापीच्या पात्रातही खडक उघडे पडतात, तेव्हा मामांच्या नंबराच्या पाटीवर मात्र ओला चिखल असायचा. सीटखाली एका डब्यात तो कालवून ठेवलेला असे. एकदा ते सगळं करूनही साहेबानं गाठलंच. वावरात उतरायला वेळच मिळाला नाही. साहेबानं नेमकं एका बोळक्या आजीला विचारलं, हा तुमचा कोण लागतो? आजी सत्तरीच्या पुढची, मामा जेमतेम पंचेचाळीसचे. पण पाठ पक्का. आजी म्हणाली, आमना मामा शे. साहेब मामांकडे बघतच राहिला. मामांनी टोपी काढली आणि गंभीरपणे म्हणाले, "नातामा मोठा शे सायेब, वयमा ल्हाना." साहेबाला हसू आवरलं नाही आणि गाडी सुटली. पुढे नरडाण्यापर्यंत सगळी जीप हसत होती. मी तेवढी तोंड वळवून बसले होते. मला त्या हसण्याची किळस आली होती. एका म्हातारीला या वयात खोटं बोलायला लावलं आणि वर त्याची गंमत?

घरी येऊन मी आईपुढे हे सगळं ओकायची. आई ऐकून घ्यायची आणि म्हणायची, माणूस वाईट नाही गं. तिला कारण होतं. मी धुळ्याला असताना तिला एकदा विषमज्वर झाला होता. शेजारणीनं मामांना सांगितलं. त्यांनी त्या दिवशीची सगळी माणसं खाली उतरवली, आईला मागच्या बाकावर गादी घालून निजवलं आणि धुळ्याच्या दवाखान्यात पोचवलं. भाडं विचारलं नाही. रोज परत जाताना दवाखान्यात डोकावून जायचे, "अक्का, कसं शे?" म्हणून. आईचा एकुलता एक भाऊ लहानपणीच गेला होता. माहेरचं असं माणूस तिला उरलं नव्हतं. तेव्हापासून ती त्यांना खरोखरच भाऊ मानायला लागली.

म्हणून माझं लग्न ठरलं तेव्हा मी कितीही नाक मुरडलं तरी तिनं ऐकलं नाही. लग्न धुळ्याला, माझ्या काकांच्या घरी. वडील नव्हते, तेव्हा कन्यादान काका करणार होते. बोहल्यावर मुलीला मामानं आणायचं. मामाकडची पिवळी साडी नेसायची. नवरा मुलगा जळगावचा, माणसं मानापानाची. आणि आमच्या काकू उठता-बसता आईला ऐकवायच्या, तुमच्या माहेरचं कोण उभं राहणार? वर म्हणायच्या, काळजी नको, माझा भाऊ आहे. आईला हे काही झालं तरी होऊ द्यायचं नव्हतं. तिनं मामांना घरी बोलावून विचारलं. मामांचे डोळे भरून आले. आईनं एकच अट घातली, त्या दिवशी गाडीत भाड्याचं माणूस बसवायचं नाही. नातेवाईकासारखं यायचं. मामांनी तुळशीला हात लावून शब्द दिला.

मुहूर्त सकाळचा होता. आई दाराशी जाऊन जाऊन रस्ता बघत होती. भटजींनी घाई केली, काकांनी घाई केली, जळगावची माणसं घड्याळं बघायला लागली. भटजींनी मामांना दुसऱ्यांदा हाक मारली तेव्हा काकूंचा भाऊ उपरणं सावरत पुढे आला. त्यानं मला हाताला धरून बोहल्यावर नेलं. आई खांबाला टेकून उभी होती. काकूंनी तिच्याकडे वळून बघितलं, तो चेहरा मी विसरलेले नाही.

मामा आले ते चार वाजता, माझ्या पाठवणीच्या वेळी. नवं धोतर गुडघ्यापर्यंत मातीनं भरलेलं, काखेत साडीचं पुडकं. नरडाण्याच्या अलीकडे साहेब उभा दिसला म्हणून त्यांनी गाडी बैलगाडीच्या वाटेला घातली होती. नाल्यात दगडावर आदळून गाडीच्या स्प्रिंगचा पाटा तुटला. मग काही चालत, काही बैलगाडीनं, काही ट्रकनं असे ते पोचले.

आईनं विचारलं, गाडीत भाड्याची माणसं होती?

"कोनीच नव्हतं, अक्का. गाडी रिकामीच व्हती."

मग वळलात कशाला, असं आईनं विचारल्यावर मामांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग जमिनीकडे.

"सायेब इचारी, कोठे चालना? मी काय सांगू, भाचीना लगीनले चालनू? कोन खरं मानी, अक्का?"

मला त्या क्षणी त्यांच्या तोंडावर ते पुडकं फेकावंसं वाटलं. पण आई पुढे झाली. सासरी आल्यापासून ती घरात शुद्ध बोलायची. त्या दिवशी तिच्या तोंडून माहेरची बोली आली.

"आजपाईन माले अक्का म्हनू नका."

तिनं पुडकं हातात घेतलं नाही. मामांनी ते मांडवाच्या कठड्यावर ठेवलं आणि शेवटची पंगत चालू असूनही न जेवता निघून गेले.

मी जळगावला नांदायला आले. आई नंतर धुळ्याला जायची ती एस.टी.नंच, मग तासभर उभं राहावं लागलं तरी. मामांची जीप चालूच होती, भाचेही तितकेच. एका दिवाळीला मी शिरपूरला गेले होते, आईबरोबर स्टँडवर उभी होते. धुळ्याकडून मामांची जीप येताना दिसली, भरलेली. मामांनी आम्हाला बघितलं. आईनं मान फिरवली नाही, नुसती समोर बघत उभी राहिली. रस्त्यावर साहेब नव्हता, शिपाई नव्हता. तरी मामांनी करकचून ब्रेक दाबला आणि गाडी शेजारच्या गल्लीत वळवली.