चारच्या जागी आठ

रेवाचा फोन आला तेव्हा माझ्या हातात तापलेलं सोल्डरिंग आयर्न होतं. ‘काकू, पापा नहीं रहे,’ एवढंच म्हणाली पोरगी आणि रडायला लागली. आणि मी काय केलं? हातातला जोड पूर्ण केला, प्लग काढला, मगच खाली बसले. निर्दय म्हणा हवं तर. त्या दिवशी माझं मन भाऊजींवर रागावलेलंच होतं, सहा वर्षं रागावलेलं होतं, आणि माणूस गेल्याची बातमी आली म्हणून राग काही लगेच उठून जात नाही...

अनिलभाऊजी, रेवाचे पापा, माझे धाकटे दीर. साताऱ्याचे हे दोघे भाऊ. आमचे हे हवाईदलात रेडिओ मेकॅनिक, बदल्या होत होत लखनौला आलो आणि तेलीबागेत घर बांधलं. भाऊजी मोठे शास्त्रज्ञ, लखनौतच जानकीपुरमला राहायचे. मी अकरावी नापास. हे रेडिओ उघडून बसले की टॉर्च धरून उभी राहायची, आणि उभं राहून राहून शिकले. हे गेले तेव्हा त्यांची हत्यारं विकत घ्यायला एक जण दारात आला होता. त्याला भाऊजींनीच हाकललं. ‘भैया, ये भाभी की हैं,’ म्हणाले. हे मी विसरलेली नाही. म्हणून तर पुढचं जास्त लागलं.

निवृत्त झाल्यावर भाऊजींनी दाराएवढे उंच, पाटासारखे चपटे स्पीकर आणले. आत नेहमीचा कागदाचा गोल शंकू नसतो त्यांच्या, चौकटीवर ताणलेला पातळ पडदाच्या पडदा हलतो. आवाज इतका खरा की गाणारी बाई समोर बसल्यासारखी वाटावी. पण खादाड! साधा स्पीकर चमचाभर विजेवर बोलतो, ह्याला वाटी लागते. भाऊजींना त्यावर व्हॉल्व्हचाच अँप्लिफायर हवा होता, तो काचेच्या नळ्यांचा, पेटल्यावर केशरी दिसतो तो. आठ महिने निवड चालली होती. रोज फोन. मी म्हटलं, ‘भाऊजी, एका बाजूला चार व्हॉल्व्ह असलेला घ्या, ट्रान्सफॉर्मर दोन माणसांनी उचलावा इतका जड असू दे. दिसायला म्हैस दिसेल, पण दूध देईल.’ ते हसले. नेटवर त्यांचा एक ग्रुप होता, सगळे इंजिनियर, डॉक्टर. त्यांचं म्हणणं, एकेकच व्हॉल्व्हवाला छोटा घ्या, त्याची मिठास वेगळी. मी म्हटलं, मिठास आहे हो, पण ताकद नाही, तान वर गेली की ह्याला दम लागेल.

छोटाच आला. त्या रविवारी सगळ्यांना बोलावलं, पोहे, जिलबी, दहा-बारा माणसं. गाणं सुरू झालं, आणि मी सांगितलं तसंच झालं. बाई मध्य सप्तकात होती तोवर अमृत, वर गेली की आवाज फाटायचा. मी म्हटलं, ‘भाऊजी, बघू का जरा?’ तर सगळ्यांसमोर म्हणाले, ‘वहिनी, ही मिक्सरची दुरुस्ती नव्हे. राहू द्या.’ माणसं हसली. मीना, माझी जाऊ, तीही हसली. मीपण हसले, काय करणार.

निघताना माझी ओढणी पडली ती उचलायला अँप्लिफायरच्या मागे वाकले, तेव्हा दिसलं. मागे तार जोडायचे स्क्रू असतात, त्यांच्यावर आकडे असतात, चार, आठ. ज्या आकड्याचा स्पीकर, त्याच आकड्यावर त्याची तार. भाऊजींचे जुने सगळे स्पीकर आठचे होते, म्हणून सवयीने हेही आठवर लावलेले. हे होते चारचे. छोट्या अँपची जी काही ताकद होती तीही अशी वाया चाललेली. दोन मिनिटांचं काम. मी ओढणी झटकली आणि घरी आले.

विचारतील तेव्हा सांगेन, असं मी सहा वर्षं स्वतःला सांगत आले. त्यांनी विचारलंच नाही, असंही सांगत आले. ते खोटं आहे. त्यांनी विचारलं होतं. दोनएक वर्षांनी फोन आला, आवाज जरा उतरलेला. ‘वहिनी, व्हॉल्व्ह फार तापतात हो. दुसऱ्यांदा बदलले. नॉर्मल आहे का हे?’

‘ग्रुपवर विचारा ना,’ मी म्हटलं. ‘शिकलेली माणसं आहेत तिथे.’

ते म्हणाले, ‘बरं. गुडघा कसाय तुमचा?’ त्यानंतर ह्या विषयावर ते माझ्याशी कधी बोलले नाहीत. सणावारी भेटायचो, श्रीखंड वाढायचो, बस.

तेराव्यानंतर आठवड्याने मीनाने बोलावलं. ‘ताई, ते यंत्र घेऊन जा तुम्ही. मला त्यातलं काही कळत नाही.’ खोलीत गेले. खुर्ची स्पीकरच्या इतकी जवळ की पाय पडद्याला लागावेत. ‘अशीच असायची,’ रेवा म्हणाली, ‘पापा कहते थे, दूर से सुनाई नहीं देता.’ मीनाला वाटत होतं त्यांना ऐकू कमी येतंय. कानाच्या डॉक्टरकडेही नेऊन आणलं होतं. आणि आवाजाच्या बटणाशेजारी नेलपॉलिशचा एक लाल ठिपका होता, रेवाच्याच बाटलीतला. त्याच्या पुढे बटण न्यायचं नाही, फाटतं, म्हणून भाऊजींनी स्वतः लावलेला.

मी वाकले. आठवरची तार काढली, चारवर लावली, दोन्ही बाजूंची. मग लावलं. बटण ठिपक्यापाशी आणलं आणि पुढे नेलं. बाई वर गेली, आणखी वर गेली, आणि कुठे फाटली नाही. मी सांगितला होता तसला मोठा अँप असता तर भिंती हलल्या असत्या, पण ह्या खोलीला, ह्या एका खुर्चीला, दाराशी ठेवली असती तरी एवढं पुरलं असतं.

मीना ओल्या हाताने स्वयंपाकघरातून धावत आली. ‘ते असताना असा कधी वाजला नाही हो! काय केलंत?’

‘तार सैल होती,’ मी म्हटलं.

तिने डोळे पुसले, म्हणाली, ‘बघा, एवढ्याशासाठी... तुम्हाला विचारायला हवं होतं त्यांनी.’ आणि मी मान डोलावली.

यंत्र मी आणलं नाही. तिथेच आहे. मीना आता रोज संध्याकाळी लावते, खुर्ची तिने मागे सरकवली आहे. ज्या मराठी पेपरला मी हे लिहून पाठवतेय, त्याची पुरवणी ती पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचते, हे मला ठाऊक आहे. मीना, तार सैल नव्हती.