चपलांचा उरलेला जोड

पाण्यात उतरण्याआधी बायका काठावर काय काय करतात ते बघायचं असेल, तर गंगापूर रोडला आमच्या टँकवर सकाळच्या लेडीज बॅचला यावं. एक डॉक्टरीणबाई गॉगलमध्ये थुंकून काच चोळतात, आणि शेजारीण नुसती शिंकली तरी नाक मुरडतात. एक शिक्षिका उड्या मारून अंग गरम करते. दोघी जणी पाय पाण्यात सोडून सुनांचं गाऱ्हाणं संपवतात, त्याशिवाय त्यांना पाण्यात उतरवतच नाही. मी शॉवर घेते, टोपी चढवते आणि धपकन उडी. मला नाटकं जमत नाहीत.

एक गोष्ट मात्र सगळ्यांना सक्तीची. चपला काठावर, पोहायला शिकवणाऱ्या मॅडमच्या खुर्चीखाली ओळीत काढायच्या. बॅच सुरू होताना मॅडम जोड मोजतात. शिट्टी वाजली की जिनं तिनं आपापल्या घालायच्या, आणि काठ रिकामा झाल्याशिवाय पुढची बॅच आत येत नाही. "डोकी कुठं मोजू बायांनो, सारखी खाली-वर होतात," मॅडम म्हणतात. "चपला जागच्या हलत नाहीत." जी अनवाणी बाहेर जाईल, तिला आठवडाभर टँक बंद.

माझ्या थोरल्या जाऊबाई गेल्या उन्हाळ्यात माझ्याबरोबर यायला लागल्या. मी त्यांना ताई म्हणते. भाऊजी गेल्यावर सायखेड्याचं घर मोठ्या पुतण्याकडे सोपवून त्या आमच्याकडे राहायला आल्या. गुडघे धरलेले. डॉक्टर म्हणाले, पाण्यात चाला. सगळा जन्म गावच्या नदीच्या, त्यांच्या गंगेच्या काठी गेला, पण पोहणं पोरांचं. पोरींनी घोट्याएवढ्या पाण्यात धुणं धुवायचं. पाणी कमरेला लागलं की त्यांचा श्वास अडकायचा.

त्यांची काठावरची तयारी म्हणजे पूजाच. बांगड्या काढून रुमालात गाठ मारायची. वेणी टोपीत कोंबायची, ती सुटायची, परत कोंबायची. मग पायरीवर बसून ओंजळभर पाणी घ्यायचं, डोळ्यांना लावायचं, "गंगामाय" म्हणायचं. मग थोडं गुडघ्यावर, थोडं छातीवर, थोडं टाळूवर. परत पहिल्यापासून. "ताई, ही गंगा नाही, क्लोरीन आहे," मी सांगायची. त्या म्हणायच्या, "पाणीच हाय ना?" यात पंधरा मिनिटं जायची, आणि त्या मला त्यांच्यापाशी उभं करून ठेवायच्या. महिना झाला तरी गाडी तिसऱ्या पायरीवरच.

त्या दिवशी माझं डोकं आधीच फिरलेलं होतं. मॅडम दहा फेऱ्यांची वेळ मोजणार होत्या आणि ताईंची वेणी तिसऱ्यांदा सुटली. "अगं, जरा धर ना," त्या म्हणाल्या. आणि मी भडकले.

"ताई, पुरे झालं! उतरायचं असेल तर उतरा, नाहीतर घरी बसा ना. रोज माझी बॅच वाया घालवता. सगळ्या हसतात!"

तोवर कुणी हसत नव्हतं. माझ्या बोलण्यानंतर मात्र हसल्या. मी तरातरा चपलांच्या ओळीपाशी, मैत्रिणींच्या घोळक्यात गेले आणि ताईंचं "गंगामाय" हात जोडून करूनही दाखवलं. माझ्या जिभेला हाड नाही, हे माझी आई लहानपणापासून सांगत आली आहे. ताई पायरीवर बसून होत्या. मी गॉगल लावला आणि उडी मारली.

दहा फेऱ्या झाल्या, छान झाल्या. मग गप्पा झाल्या, तरंगणं झालं. शिट्टी वाजली. एकेक जण चपला घालून निघाली. मीही माझ्या घातल्या, तेव्हा मॅडम म्हणाल्या, "थांबा. हा कुणाचा?"

माझ्या चपलांना अगदी चिकटून ठेवलेला एक निळा जोड उरला होता. उजव्या पट्ट्याला सेफ्टी पिन. ती पिन मीच लावून दिली होती.

मी पायऱ्यांकडे पाहिलं. पायरी रिकामी. "ताई!" मी ओरडले. शॉवरकडे दोघी धावल्या, चेंजिंग रूममध्ये एक जण. "इथं नाहीत!" तिकडून आवाज आला. "इथं पण नाहीत!"

फिल्टर दोन दिवस बिघडलेला होता. पाणी हिरवट, खोल टोकाचा, डीपचा तळ दिसत नव्हता. बारा फूट. मॅडमनी लांब शिट्टी मारली आणि कपड्यांसकट सूर मारला. मी त्यांच्यामागे. आयुष्यात तळाशी कधी गेले नव्हते. कान दुखायला लागले, हाताला नुसत्या गार फरशा लागत होत्या. वर आले, श्वास घेतला, परत खाली. तोंडानं देवाचं नाव घ्यायलाही सवड नव्हती. डोक्यात एकच चाललं होतं, की मी त्यांना उतरा म्हणाले होते. उतरल्या असतील तर?

मॅडम वर आल्या तेव्हा त्यांच्या मुठीत कुणाचीतरी केसांची क्लिप होती. "शेवटच्या कधी दिसल्या तुम्हाला?" त्यांनी धापा टाकत विचारलं. "अहो, बोला ना! तुमच्या घरच्या ना त्या?"

चाळीस मिनिटं मी त्याच पाण्यात होते आणि एकदाही मान वळवून पायरीकडे पाहिलं नव्हतं. काठावर उभ्या बायकांना काय सांगणार होते मी?

मॅडम परत खाली गेल्या. मला घरी फोन करायचा होता. चेंजिंग रूममध्ये धावले. आमच्या दोघींची एकच पिशवी खुंटीवर तशीच होती. ती बाकावर पालथी केली. माझा ड्रेस, माझा फोन, माझा टॉवेल. ताईंची साडी नव्हती. दोनदा चाचपलं. नव्हती. बाई साडी नेसून गेली होती! मी ओरडत सुटले, "मॅडम, वर या! साडी नाही, साडी नाही!"

लेडीज बॅचला वॉचमन आत येत नाहीत, फाटकाबाहेर पाठ करून बसतात. मी आतूनच विचारलं.

"एक मावशी गेल्या ना, अनवाणी," ते तिकडं तोंड करूनच म्हणाले. "मी म्हटलं, चप्पल? तर आतच बघत राहिल्या. बराच वेळ उभ्या होत्या इथं."

मॅडमनी मला चार शब्द सुनावले. मी मान खाली घालून ऐकून घेतले, हेही आयुष्यात पहिल्यांदाच. ओल्या अंगावर ड्रेस चढवला आणि निळ्या चपला गाडीच्या हुकाला अडकवून घरी आले.

ताई ओट्यापाशी भाकरी थापत होत्या. माझा डबा. पायांना रस्त्याची धूळ आणि एका टाचेला फडकं बांधलेलं. त्यांना धडधाकट बघून मला आधी रागच आला.

"चपला टाकून कशा आलात? तिथं आम्ही तळ धुंडाळला, ताई! मला वाटलं…" मला रडू फुटलं.

त्यांनी परातीतले हात तसेच धरले. "अगं बाई! मला काय ठावं, एवढं व्हईल. लाजले अन् निघाले. चपला तुझ्याच चपलांपाशी व्हत्या. तुम्ही साऱ्या तिथंच हसत उभ्या. तिथं यायचं धाडस नाय झालं."

"मग फाटकात का थांबलात?"

"वाटलं, तुझ्या ध्यानात येईल. चपला घेऊन येशील." त्यांनी भाकरी तव्यावर टाकली. "लय वेळ थांबले. मंग म्हटलं, पवत आसंल. डोकं पूस आधी, सर्दी व्हईल."

मी चपला त्यांच्या पायाशी ठेवल्या. त्यांनी त्या पायानंच बाजूला सारल्या, कारण स्वयंपाकघरात चपला चालत नाहीत.

ताईंना आठवडाभर टँक बंद होता, नियमाप्रमाणे. मॅडमनी तो मलाही बंद ठेवला. त्यानंतरही ताई यायला तयार नव्हत्या. मी पाया पडले तेव्हा आल्या. बांगड्या रुमालात गेल्या. वेणी सुटली, ती मी टोपीत कोंबली. ओंजळ डोळ्यांना लावली, मीही लावली. मैत्रिणी पलीकडून बघत होत्या. बघू देत मेल्या.

ताई तिसऱ्या पायरीवर उतरल्या आणि थांबल्या. मी शेजारी बसून राहिले. अर्धी बॅच गेली.

"जा ना तू," त्या म्हणाल्या. "तुझ्या फेऱ्या ऱ्हातील. मी हाय इथंच."

मी गेले नाही.