बनाबाईचा जाळ

“ह्याला गूळ म्हनायचा का खीर?” आनंदरावांनी पाक गार करायच्या वाफ्यात बोट बुडवून वर काढलं. सकाळी ओतलेला पाक ऊन डोक्यावर आलं तरी बसला नव्हता. बोटावरून संथ ओघळत राहिला.

“जाळ कमी पडला, मालक.”

“बारा वर्सं तू माझा गुळव्या हायेस, गेनू. बारा वर्सांत कदी पडला न्हाई तो आजच पडला?”

“म्या वर पाकापाशी. खाली चुलवाणात कोन काय घालतंय ते मला कुठं दिसतंय?”

खाली चुलवाणाच्या तोंडाशी गेनूची बायको बसली होती, बनाबाई. रस काढून वाळवलेली उसाची चिपाडं मुठीमुठीनं आत सारत होती, कारण वर रसाची दुसरी काहील चढली होती. नवऱ्याचं बोलणं कानावर पडलं तशी तिची मूठ हवेतच थांबली. सकाळपासून तिला एका जागी बसवत नव्हतं. उठायची, पदर खोचायची, राख ओढायची, परत बसायची.

बना वेल्ह्याकडची. बापाच्या शेळ्या तोरण्याच्या पायथ्याला चरायच्या. धुक्यात शेळी दिसेना झाली, की नुसत्या घंटीवरून ही सांगायची, काळी खालच्या घळीत उतरलीय आणि बांडी झऱ्यावर आहे. भोंगवलीला नांदायला आली तोवर ऊस तिनं बाजारातच बघितलेला. पहिल्या हंगामात रस पिऊन पिऊन पोट बिघडवून घेतलं, दुसऱ्या हंगामात जाळ शिकली.

गेनूला तेव्हा भोर संस्थानात तोड नव्हती. कढत पाकाचा ठिपका गार पाण्यात टाकायचा, त्याची गोळी वळायची आणि काहिलीच्या काठावर आपटायची. दुसऱ्या कुणाला सगळ्या गोळ्या सारख्याच वाजल्यासारख्या वाटायच्या. गेनूला कळायचं, ही ओली वाजली, ही कोरी. कोरी वाजली की काहील उतरवायची. आधी उतरवली तर गूळ बसत नाही, उशीर झाला तर करपतो.

ऊस पिळायच्या लोखंडी चरकाच्या किरकिरीत नऊ हंगाम काढून गेनूचा कान गेला. समोरच्या माणसाचं बोलणं कळायचं, बारीक आवाज तेवढा हरवला. त्यानं कुणाला सांगितलं नाही, बायकोलासुद्धा नाही. तिनंच ओळखलं. मग न बोलताच एक रीत पडली. गोळी कोरी वाजली, की बना चुलवाणाच्या तोंडावर एक चिपाड आडवं ठेवायची. गेनू ते बघायचा आणि हाळी द्यायचा, “उतरवा.” असे तीन हंगाम निघाले. लोक म्हणायचे, कान असावा तर गेनूचा.

आणि आज सकाळी चरकाचे बैल हाकणारा चिमाजी बोलून गेला, “गुळव्याचं ध्यान पाकाकडं कमी न् वैनीकडं जास्त. ह्या वयात.”

माणसं खो खो हसली. गेनूनं त्यानंतर खाली बघितलंच नाही. गोळी ओली वाजली, बनाचा हात चिपाडाला लागलासुद्धा नाही, आणि हा मोकळा झाला, “उतरवा” म्हणून.

“काय गं बना,” आनंदराव आता वरून वाकले होते, “कारभारी म्हनतोय, जाळ तुजा चुकला. खरं का?”

बना नवऱ्याकडं बघत राहिली. तो पाक ढवळत होता.

“बोल की. जाळ चुकला आसंल तर उद्यापासनं हितं चिमाजी बसंल. गोळी चुकली आसंल तर शिरवळचा गुळव्या आनतो. दोगांतलं कोन, तेवडं सांग.”

“म्या न्हाई बसायचा त्या धगीत,” चिमाजी पुटपुटला. आता त्याच्या बोलण्याला हसायला कुणी नव्हतं. बैल थांबले होते, चरक गप्प होता. पाक तेवढा रटरटत होता.

“आवं,” बना म्हणाली, “हिकडं बगा.”

गेनूला ऐकू आलं नसेल. किंवा आलंही असेल. त्यानं गोळी वळली, आपटली. ओली. पुन्हा वळली. ओलीच. बनाचे पाय जागच्या जागी चुळबुळत होते, हातातलं चिपाड या मुठीतून त्या मुठीत जात होतं.

तिसरी गोळी कोरी वाजली.

आता मात्र गेनूचे डोळे खाली आले. तिच्या तोंडाकडं नाही, तिच्या हाताकडं.

“बना, म्या काय इचारतोय?” आनंदराव म्हणाले.

पाकाला थांबायला वेळ नसतो. तिनं चिपाड चुलवाणाच्या तोंडावर आडवं ठेवलं. एकदा ठेवलं, मग नीट आडवं केलं, जसं रोज करायची.

“उतरवा,” गेनू ओरडला. गडी धावले, दांडे लागले, काहील कलली. सोनेरी पाक वाफ्यात पसरला आणि आनंदराव तिकडं बघत राहिले.

बना उठली. लुगड्याची राख झटकली. खुंटीवरचं भाकरीचं फडकं काढून काखेत मारलं.

“बने, कुठं निगालीस?” गेनूनं वरून हाक मारली. “तिसरी काहील चढायचीय.”

ती बैलांच्या पुढून गाडीवाटेला लागली. हाक तिला नीट ऐकू आली होती. तिनं मागं वळून बघितलं नाही.